वरचा जबडा गेल्यावर : चावणे, गिळणे आणि 'प्लेट'

मागच्या व्याख्यानात आपण शरीर आणि साधन यांच्यातल्या सीमारेषेबद्दल बोललो. चष्मा, काठी, कानातले यंत्र ही उदाहरणे घेतली. शेवटी एका श्रोत्याने विचारले, "सर, कवळी त्यात कुठे बसते?" वेळ संपली होती, म्हणून तो प्रश्न आम्ही आजवर राखून ठेवला. साध्या कवळीचा प्रश्न अवघड आहेच. पण आज आम्ही त्याहून अवघड उदाहरण घेणार आहोत. वरच्या जबड्याचा काही भाग शस्त्रक्रियेत काढून टाकला आहे, टाळूला भगदाड पडले आहे, आणि ते बुजवण्यासाठी दातांसकट एक कवळी केली आहे. दंतवैद्यकात तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात. मूळ लॅटिन धातूचा अर्थ बुजवणे, बूच मारणे. आपले रुग्ण तिला नुसते 'प्लेट' म्हणतात, आणि आपणही आज तेच म्हणू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, तिने कुणाची दाढ दुखायची थांबत नाही. तेव्हा इथे जे ऐकाल ते समजून घेण्यासाठी आहे. उपचार ज्याचे त्याने आपल्या दंतवैद्याला विचारूनच करायचे.

हा विषय आत्ता का? २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, लोकांच्या भाषेत काळ्या बुरशीचे, रुग्ण फार मोठ्या संख्येने सापडले. अंगात मधुमेह, साखर आटोक्याबाहेर, त्यात कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड्स. बुरशी नाकावाटे सायनसमध्ये शिरते, तिथून वरच्या जबड्याच्या हाडात. ती रक्तवाहिन्यांच्या आत वाढते, तिथे रक्त गोठते आणि रक्तपुरवठा तुटला की हाड मरते. मेलेले हाड आत ठेवून चालत नाही, काढावेच लागते. ॲम्फोटेरिसिन नावाच्या इंजेक्शनासाठी नातेवाईक कसे दारोदार फिरत होते ते आपल्या सर्वांना आठवते, रोज बातम्या होत्या. जे वाचले त्यांच्या बातम्या मात्र फारशा आल्या नाहीत. ते घरी आले, आणि वर्तमानपत्रांच्या लेखी तिथे विषय संपला. जेवायला बसण्याचा प्रश्न त्यानंतर सुरू झाला.

दुसरे कारण जुने आहे, तंबाखू. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग गालात आणि खालच्या हिरडीत जास्त होतो. पण वरची हिरडी, टाळू आणि वरच्या जबड्यातला सायनस हेही त्यातून सुटत नाहीत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुडी कुठे मिळते हे तरी आम्ही तुम्हाला सांगायला नको.

आता टाळू. टाळू म्हणजे तोंडाचे छत, हे सगळ्यांना ठाऊक असते. तेच नाकाची जमीन आहे, हे लक्षात येत नाही. चाळीत वरच्या मजल्यावर पाणी सांडले की खालच्याच्या छताला ओल येते ना, तसे दोन बिऱ्हाडांमधले ते एकच स्लॅब. पुढचा भाग हाडाचा, कठीण आणि स्थिर. मागचा भाग स्नायूंचा, मऊ, हलणारा. त्याच्या टोकाला पडजीभ. पुढची भिंत आणि मागचे दार, असे म्हटले तरी चालेल. हा फरक नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे त्यावर अवलंबून आहे.

घास तोंडात गेल्यावर काय होते ते आपण कधी पाहत नाही. पाहायला लागलो तर ठसका लागतो! दाढा चिरडतात हे खरे, पण चिरडायला घास दाढांखाली आणतो कोण? आतून जीभ आणि बाहेरून गाल. दोघे मिळून घास सतत दाढेवर ढकलत असतात. पोळीचा तुकडा, त्यात भाजी, त्यात लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि तिच्याशिवाय घासाचा गोळा वळला जात नाही. गोळा झाला की जीभ त्याला कठीण टाळूवर दाबते, दाब पुढून मागे सरकवत नेते, टूथपेस्टची नळी शेवटापासून दाबत आणावी तसा. घास घशात पोचला की मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाचा रस्ता बंद करतो, स्वरयंत्र वर सरकते, श्वास थांबतो, श्वासनलिकेचे तोंड मिटते आणि घास अन्ननलिकेत जातो. घशातला हा सगळा कारभार साधारण एका सेकंदात उरकतो. आपल्या इच्छेचे राज्य तिथे चालत नाही. घास जिभेच्या मुळापर्यंत आपला असतो, त्यापुढे तो शरीराचा.

आता या रचनेतून कठीण टाळूचा अर्धा भाग काढून टाका. जीभ घास कशावर दाबणार? ज्या बाजूला स्लॅबच नाही तिथे दाब तयारच होत नाही. घास आणि पाणी वरच्या बिऱ्हाडात जाते. चहा नाकातून येतो. आपल्याकडे 'नाकातोंडात जाणे' हा शब्दप्रयोग आहे, तो बुडणाऱ्या माणसासाठी. या माणसांच्या बाबतीत ते रोज दोन वेळा ताटावर घडते.

भोक बुजवण्याची कल्पना नवी नाही. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आँब्रवाझ पारे नावाचा प्रसिद्ध शल्यचिकित्सक होऊन गेला. त्याने टाळूच्या भोकावर बसवायच्या धातूच्या पत्र्याचे वर्णन केले आहे. पत्र्याला वरून स्पंज जोडायचा, स्पंज ओला होऊन फुगला की पत्रा जागच्या जागी राहतो. त्या काळी टाळूला भोक पडण्याची मुख्य कारणे म्हणजे गोळीची जखम आणि सिफिलिस. ओला स्पंज दिवसभर नाकात ठेवल्यावर काय वास येत असेल, ते पारेच्या रुग्णांनाच माहीत.

आमच्या विषयाशी जवळचा रुग्ण मात्र सिग्मंड फ्रॉइड. १९२३ साली त्याच्या तोंडात कर्करोग सापडला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात व्हिएन्नामध्ये हान्स पिख्लर या सर्जनने उजव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळूचा मोठा भाग काढला. पुढची सोळा वर्षे, म्हणजे १९३९ मध्ये लंडनला मृत्यू येईपर्यंत, फ्रॉइड प्लेटवर जगला. तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. प्लेट पुन्हा पुन्हा बदलली गेली. त्याचा चरित्रकार अर्नेस्ट जोन्स सांगतो की त्या प्लेटला 'राक्षस' असे नावच पडले होते. जबडा पुरेसा उघडत नसे, त्यामुळे ती बसवणे आणि काढणे हे मोठे संकट. एकदा फ्रॉइड आणि त्याची मुलगी ॲना यांनी अर्धा तास खटपट केली, तरी बसेना. शेवटी सर्जनला बोलवावे लागले. घट्ट बसवली तर टोचते, सैल ठेवली तर बोलता-खाता येत नाही. काही तास बाहेर राहिली तर आतल्या पेशी आक्रसतात आणि तीच प्लेट पुन्हा बसत नाही. या सगळ्यातून तो लोकांसमोर जेवणे टाळू लागला. बोलण्यातून उपचार करण्याची पद्धत ज्याने उभी केली, त्याच्याच बोलण्या-खाण्यावर हे आले. आम्ही मानसशास्त्राचा पेपर शिकवत असताना फ्रॉइडच्या सिद्धान्तांवर मुलांनी पानेच्या पाने लिहिलेली पाहिली आहेत, त्याच्या प्लेटवर एक ओळही नाही.

आजची प्लेट त्या राक्षसापेक्षा पुष्कळ सभ्य झाली आहे. ती सहसा तीन टप्प्यांत होते. शस्त्रक्रियेआधीच तोंडाचे माप घेऊन पहिली प्लेट तयार ठेवतात आणि ऑपरेशन टेबलावरच बसवतात. त्यामुळे रुग्णाला पुष्कळदा नाकातल्या नळीवर फार दिवस राहावे लागत नाही. दुसरी तात्पुरती, जखम भरत आणि आक्रसत जाईल तशी घासून, भर घालून जुळवत न्यायची. काही महिन्यांनी, सगळे स्थिर झाल्यावर, तिसरी कायमची. तिचा भगदाडात शिरणारा भाग आतून पोकळ ठेवतात, वजन कमी व्हावे म्हणून. छताला टांगलेली वस्तू जड असून कशी चालेल? काही ठिकाणी पायाचे हाड आणि मांस आणून जबडाच पुन्हा बांधतात, काही ठिकाणी गालाच्या हाडात लांब इम्प्लांट घालून त्यावर दात बसवतात. ते सर्वांना शक्य नसते आणि सर्वांना परवडतही नाही. आज आपण प्लेटवाल्यांबद्दलच बोलू.

चावण्याकडे येऊ. इथे शेतकरी घरातल्या श्रोत्यांना आमच्यापेक्षा लवकर कळेल. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरला की धुरजड. आसाच्या दोन्ही बाजूंना भार जुळला तरच गाडी चालते. प्लेटचेही तसेच. एका बाजूला हाड आणि दात शिल्लक आहेत, त्या दातांना तारेचे आकडे अडकवून प्लेट धरलेली असते. दुसऱ्या बाजूला खाली आधार नाही, पोकळी आहे. त्या बाजूच्या खोट्या दातांवर सुपारी फोडायला गेलात तर प्लेट तिथे वर, पोकळीत घुसते आणि दुसऱ्या बाजूने खाली सुटते. झाली उलाळ! आणि चिकट पदार्थ खाल्ला की उलटे: जबडा उघडताना पदार्थ प्लेटला खाली ओढतो. हे दिवसातून शेकडो वेळा झाले की ज्या सख्ख्या दातांना आकडे अडकवले आहेत तेच सैल होऊ लागतात. म्हणून अशा माणसाला सांगतात, चांगल्या बाजूनेच चावा. हाच कारभार चालवण्यासाठी उरलेला एकेक दात लाखमोलाचा असतो. एकही दात शिल्लक नसेल तर प्लेट धरायची कशाला, हा प्रश्न मोठ्या मोठ्या तज्ज्ञांना घाम फोडतो.

ताकदीचे म्हणाल, तर साधी पूर्ण कवळी वापरणाऱ्या माणसाचा चावा सख्ख्या दातांच्या चाव्याच्या पाव भागाच्या आसपास असतो. टाळूला भगदाड असेल तर त्यातही घट. पण ताकदीइतकीच आणखी एक गोष्ट जाते, तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. सख्ख्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यात संवेदना असते. भातातला बारीकसा खडा दाताखाली आला की आपण क्षणात थांबतो. केसाहून पातळ वस्तूसुद्धा दातांमध्ये कळते. खोट्या दाताला मूळच नाही, तर कळणार कुठून? शिवाय प्लेटने उरलेला टाळूही झाकलेला असतो. चहा किती गरम आहे हे टाळूला समजत नाही, घशात उतरल्यावर समजते. रेडिओथेरपी झाली असेल तर लाळ आटते. मग गोळा वळत नाही, आणि लाळेच्या पातळ थरावर जी प्लेट थोडीफार चिकटून राहायची तीही टोचू लागते. ज्यांना गुटख्यामुळे तोंड उघडण्याचाच त्रास आहे त्यांचे हाल तर विचारू नका. प्लेट उत्तम बनवली, पण ती आत जाणार कशी?

गिळण्यात आधी सांगितलेला भिंत आणि दाराचा फरक येतो. भगदाड फक्त कठीण टाळूत असेल तर ते स्थिर भिंतीतले भोक आहे. चांगली प्लेट ते चोख बुजवू शकते, आणि घशातला पुढचा एका सेकंदाचा कारभार बहुधा शाबूत असतो. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठी दिलाशाची गोष्ट. मऊ टाळूही गेला असेल तर मात्र हलणारे दारच गेले. तिथे दाराच्या जागी एक न हलणारा गोळा ठेवतात आणि घशाच्या भिंतींनी त्याच्याभोवती आवळून घ्यायचे, अशी योजना असते. ती साधते, पण सवयीने. म्हणून 'भोक केवढे?' या प्रश्नापेक्षा 'भोक कुठे, दात किती उरले, लाळ आहे का, तोंड किती उघडते?' हे प्रश्न जास्त कामाचे.

आता आमच्या प्रांतातले. गीतेच्या पंधराव्या अध्यायात वैश्वानर अग्नी चतुर्विध अन्न पचवतो असे म्हटले आहे. हे चार प्रकार कोणते ते भाष्यकार सांगतात: भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य. चावायचे, फार न चावता खायचे, चाटायचे, चोखायचे. काही याद्यांत पेयही येते. विद्यार्थिदशेत आम्हाला हे वर्गीकरण गमतीचे वाटायचे, की प्रथिने नाहीत, पिष्टमय पदार्थ नाहीत, हे कसले वर्गीकरण? प्लेटवाल्या माणसासमोर ताट ठेवा, मग कळते. हे अन्नाचे वर्गीकरण नाहीच, ते तोंडाच्या क्रियांचे आहे. आणि या कामापुरते ते आहारशास्त्राच्या तक्त्यापेक्षा सरस आहे.

भक्ष्याची अडचण आपण पाहिली. तरी त्यातही तरतम आहे. कडक बाजरीची भाकरी अवघड, पण तीच दुधात किंवा आमटीत कुस्करली की ती भोज्य होते. पोळी मऊ असते म्हणून सोपी असेल असे वाटते. प्रत्यक्षात गव्हाचा चिवटपणा प्लेटला खाली ओढतो, आणि ज्वारीची ताजी मऊ भाकरी सोपी जाते असे सांगणारे आम्हाला भेटले आहेत. भोज्यातही फसगत आहे. नुसता मोकळा भात, विशेषतः सुटा सुटा, त्रासदायक. शिते विखुरतात आणि प्लेटच्या कडेने वर जाऊन बसतात. तोच भात दह्यात कालवला की गोळा एकत्र राहतो. शेंगदाण्याचा कूट, चिवड्यातले पोहे, खोबऱ्याचा कीस ही सगळी विखुरणारी मंडळी. लेह्य सर्वांत सुखाचे. श्रीखंड जिभेने सावकाश मागे नेता येते, जीभ आणि टाळू यांच्यातला दाब फारसा लागत नाही.

खरी कसोटी चोष्याची. चोखणे म्हणजे काय? ओठ मिटायचे, मागे मऊ टाळू आणि जीभ यांनी दार लावायचे आणि जीभ-जबडा खाली ओढून तोंडात पोकळी वाढवायची. आतला दाब कमी होतो, बाहेरचा रस आत येतो. टाळूत सुईएवढी फट असली तरी नाकातून हवा आत शिरते आणि दाब जमतच नाही. भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून पाहा, तसे. त्यामुळे प्लेटच्या कडेने किंचित गळत असेल तर वरणभात निभावतो, पण रायवळ आंबा चोखता येत नाही. याच कारणाने फुंकताही येत नाही. बशीतला चहा फुंकून गार करणे, नातवाचा फुगा फुगवणे, शिट्टी. माणसाला वाटते आपण म्हातारे झालो. म्हातारपणाचा इथे काही संबंध नाही, प्लेटची मागची कड जुळवायची राहिली आहे, आणि ते दंतवैद्याला सांगितले तर पुष्कळदा सुधारता येते. पण सांगायचे कसे? "डॉक्टर, आंबा चोखता येत नाही," असे म्हणायला माणूस लाजतो. आजाराच्या मानाने ही तक्रार त्याला क्षुल्लक वाटते. आमचे म्हणणे असे की हीच तक्रार जशीच्या तशी सांगावी. 'बरे वाटत नाही' यातून दंतवैद्याला काही कळत नाही. 'आंबा चोखता येत नाही, पण ताक पिता येते' यातून पुष्कळ कळते.

चावणे मोजायच्या रीतीही गमतीच्या आहेत. १९५० साली अमेरिकेत मॅनली आणि ब्रेली यांनी शेंगदाण्यांची रीत वापरली. माणसाला शेंगदाणे द्यायचे, ठरावीक वेळा चावायला लावायचे, गिळू द्यायचे नाही, थुंकायला लावायचे, आणि ते चाळणीतून गाळून किती बारीक झाले ते बघायचे. आता दोन रंगांचे च्युइंगगम चावायला देऊन रंग किती मिसळले तेही पाहतात. गिळण्यासाठी बेरियम घातलेला घास देऊन एक्स-रेचे चलचित्र घेतात. हे सगळे उपयोगी आहे, आम्ही नाकारत नाही. पण शेंगदाणा चाळणीतून गेला म्हणजे माणूस जेवला, असे होत नाही. १९९६ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयातल्या संशोधकांनी अशा रुग्णांना थेट प्रश्न विचारले: चावताना अडते का, गिळताना गळते का, बोललेले समजते का, लोकांत जाणे टाळता का. प्लेट नीट काम करते की नाही याचाच रुग्णाच्या एकूण जगण्याच्या समाधानाशी सर्वांत घट्ट संबंध दिसला. आम्हाला त्यातला शेवटचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

आता मागच्या वेळच्या श्रोत्याचे उत्तर. मर्लो-पाँटी या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ च्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीचे उदाहरण घेतले आहे. सराव झाला की काठी वस्तू राहत नाही. संवेदना काठीच्या टोकाशी जाते. वर्गात हे उदाहरण फार खपते. हायडेगरचा हातोडाही आम्ही पस्तीस वर्षे वर्गात आपटला. प्लेटला हे लागू पडते का? अर्धेच. सरावाने जीभ प्लेटला विसरते हे खरे आहे. पहिल्या आठवड्यात तोंडात चप्पल ठेवल्यासारखे वाटते, तीन महिन्यांनी तिची आठवणही नसते. पण काठी जगाकडे नेते, प्लेट जगाला झाकते. काठीच्या टोकाला खड्डा कळतो. प्लेटच्या टोकाला चहाचा चटका कळत नाही. शिवाय काठी कुणी लपवत नाही. प्लेट लपवावी लागते, निदान तसे वाटते, आणि लपवण्याच्या नादात माणूस जेवताना घासाकडे लक्ष देण्याऐवजी समोरच्याच्या नजरेकडे देतो. हातातले साधन अदृश्य होण्यासाठी अवतीभवतीच्या माणसांनीही काही करावे लागते, हे त्या दोन्ही थोरांच्या उदाहरणांत नाही. काठीवाला रस्त्यावर एकटाही चालतो; जेवायला मात्र माणूस सहसा चार जणांत बसतो.

आमच्या परिचयातले एक निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. प्लेट उत्तम बसलेली, वजन वाढलेले, डॉक्टर खूश. तरी घरच्या लग्नात ते पंगतीला बसले नाहीत. भावजयीने आग्रह केला, "भाऊजी, दोन घास तरी घ्या," तर म्हणाले पोट बरे नाही. खरे कारण त्यांनी आम्हाला नंतर सांगितले. जेवणानंतर प्लेट काढून धुवावी लागते, पोकळी चूळ भरून साफ करावी लागते, नाहीतर अन्न कुजते, वास येतो. आणि कार्यालयात हात धुवायचे बेसिन भर मांडवात, मागे दहा जणांची रांग! म्हणजे बघा, जीभ, टाळू, घसा, सगळे काम करत होते. अडले ते बेसिनपाशी. आडोशाची एक मोरी असती तर माणूस जेवला असता.

घरात उलटी चूक होते. प्रेमापोटी सगळे मिक्सरमधून काढतात. पोळी-भाजी-आमटी एकत्र फिरवून वाटीभर करड्या रंगाचा लगदा समोर ठेवतात. पहिले काही आठवडे ते आवश्यक असेल; सहा महिन्यांनी नसते. जीभ आणि गालाचे स्नायू कामाशिवाय सुस्तावतात, आणि माणसाची जेवणावरची वासनाच उडते. त्यापेक्षा भाजी वेगळी मऊ शिजवा, भाकरी वेगळी कुस्करा, चटणी दह्यात कालवून द्या. ताटात चार रंग दिसू द्या. वेळ लागेल, दुप्पट लागेल. तोवर बाकीच्यांनी ताटावरून उठू नये, एवढे तरी करता येते.

वेळ होत आली. आलेल्या चिठ्ठ्यांपैकी तीन घेतो.

पहिली: 'रात्री प्लेट काढायची का?' सुरुवातीच्या महिन्यांत, जखम आक्रसत असताना, सहसा रात्रीही ठेवायला सांगतात, फक्त धुण्यापुरती काढायची. फ्रॉइडची गोष्ट आठवा. कायमची प्लेट झाल्यावर हिरड्यांना विश्रांती म्हणून बहुधा रात्री काढून पाण्यात ठेवतात. पण हे प्रत्येकाचे वेगळे, आपल्या डॉक्टरांनी सांगितले असेल तेच खरे.

दुसरी एका ताईंची: 'वडिलांना पाणी पिताना ठसका लागतो आणि नाकातूनही येते. दोन्ही एकच का?' नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाकातून येणे म्हणजे वरच्या बिऱ्हाडात गळती. बहुधा प्लेटची कड. ठसका म्हणजे श्वासनलिकेकडे जाणे, आणि ते वारंवार होत असेल, आवाज ओला येत असेल, ताप येत असेल तर छातीत न्यूमोनिया होऊ शकतो. तिथे प्लेट घासत बसू नका, गिळण्याची तपासणी करणाऱ्यांकडे न्या. तोवर डोके मागे टाकून गटागटा पिणे बंद. बसून, छोटे घोट, एका वेळी एक. पातळ पाण्यापेक्षा पेज किंवा आंबील सावकाश उतरते, त्यामुळे काहींना सोपी जाते, तेही तपासून घेऊन.

तिसरी चिठ्ठी: 'उपासाला साबुदाण्याची खिचडी चालेल का?' चिकटही आहे आणि सुटीही आहे, म्हणजे दोन्हीकडून अडचण, वर दाण्याचा कूट. पहिल्या वर्षी वऱ्याचे तांदूळ मऊ शिजवून ताकात घ्या, किंवा रताळ्याचा कीस करण्याऐवजी रताळे उकडून दुधात कुस्करा. खिचडी खायचीच असेल तर घरी, चांगल्या बाजूने, लहान चमचा, आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवून.